दोन्ही हात उजवे

चैत्रात माझा चुलतभाऊ घरी आला. हातात साडीची पिशवी होती. चप्पल काढायच्या आधीच तो माझ्या मायबद्दल बोलायला लागला. त्याच्या घरातल्या माणसानं माझ्या मायचा विषय साठ वर्षांत काढला नव्हता, म्हणून मी त्याला बसायला सांगितलं. नाहीतर उंबऱ्यावरूनच परत पाठवला असता.

मी घनसावंगीला लेकाकडे राहते. इकडे सगळा ऊस. माझं माहेर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, राजूरच्याही पुढे, डोंगराच्या अंगावर बसलेलं. खाली काळ्या दगडाची वेस, वेशीतून वर पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी घरं आणि अर्ध्यावर बारव. महादेवाचं देऊळ इतकं जुनं की कोणी बांधलं ते कोणालाच सांगता येत नाही. भिंतीवरच्या बायांची नाकं झिजून गेलेली. आम्ही लहान असताना या सगळ्याचं कोणाला कौतुक नव्हतं. पाणी डोक्यावर घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात म्हणून त्या गावात कोणी पोरगी देत नसे, एवढीच त्याची ख्याती. आता पेपरात फोटो येतो. शनिवार-रविवारी जालन्याहून, संभाजीनगरहून गाड्या येतात. लोक बाजेवर बसून येसराची आमटी-भाकरी खातात, धपाटे खातात, ठेचा खाऊन डोळे पुसतात आणि जांभळाची वाईन पितात. ती वाईन माझ्या चुलतभावाची. करायची रीत माझ्या मायची.

आम्ही तिला वाईन म्हणत नव्हतो, जांभळी म्हणायचो. ओढ्याच्या काठानं आमच्या घराची जांभळाची झाडं होती. ज्येष्ठात जांभूळ पडायला लागलं की माय आणि काकू, दोघी सख्ख्या जावा, दिवस उगवायच्या आत जाऊन वेचून आणायच्या. हातानं कुस्करायचं, गूळ घालायचा, धायटीची वाळलेली फुलं घालायची आणि रांजणात भरायचं. तोंडाला फडकं, फडक्यावर चिखलाचा जाड थापा. मग रांजण उकिरड्यात पुरायचा. उकिरड्याची ऊब लागते. सव्वा महिन्यानं काढायचा. चूल नाही, नळी नाही, धूर नाही. लोक पोटदुखीला न्यायचे, साखरेच्या दुखण्याला न्यायचे आणि पुष्कळ जण नुसतीच प्यायला न्यायचे. खोटं कशाला बोलू.

चिखल ओला असताना दोघींनी आपापला उजवा हात त्याच्यावर दाबायचा, शेजारी शेजारी. ही आजीच्या सासूपासूनची रीत. एकटीनं रांजण पुरायचा नाही आणि एकटीनं उघडायचा नाही. काढायच्या दिवशी दोघींनी आपापल्या ठशात हात ठेवायचा. बोटं बराबर बसली की मगच चिखल फोडायचा. ठसा बिघडलेला दिसला तर मधे कोणीतरी रांजण उघडला असं समजायचं. जागा त्या दोघींशिवाय कोणाला सांगायची नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. माय म्हणायची, "तोंडाची जबान फिरती. चिखलावर हात ठिवला की ती जबान फिरत न्हाई."

ती चुकली होती.

मी चौथीत होते. दारूबंदीचे दिवस होते. काका बाटली घेऊन आठवडी बाजाराला गेला आणि शिपायांच्या हाती लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जमादार आणि दोन शिपाई पायऱ्या चढून वर आले. घरात शोधलं नाही, कोणाला काही विचारलं नाही. सरळ गोठ्यामागच्या उकिरड्याकडे गेले आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात पहार घातली. पहिल्याच घावात रांजण फुटला. जांभळा रस शेणात पसरला, वासानं गुरं दावी ताणायला लागली.

चिखलाचं झाकण अख्खं निघालं होतं. जमादारानं ते दोन्ही हातांनी उचललं, पाटीवरचं वाचावं तसं बघितलं.

"दोन हात हायत," तो मायकडे बोट करून म्हणाला. "एक ह्या बाईचा. दुसरा कोणाचा?"

सगळा गाव पायऱ्यांवर उभा होता. काकू पुढेच होती, पदराचं टोक तोंडात धरून. जमादारानं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मला काय म्हाइत? माझा हात न्हाई तो."

माय तिच्याकडे बघत राहिली. मग जमादाराला म्हणाली, "दोन्ही माझेच हायत. एक डावा, एक उजवा."

जमादार हसला. दोन्ही अंगठे एकाच बाजूला होते. दोन्ही हात उजवे होते. जे चौथीतल्या पोरीला दिसत होतं ते गावाला दिसलं नसेल असं नाही. कोणी बोललं नाही.

मायला भोकरदनला नेलं, चार दिवस ठेवलं. परत आली तेव्हा बारवेवर तिच्या घागरीशेजारी कोणी घागर ठेवेना. ज्यांनी पोटदुखीला बाटल्या नेल्या होत्या त्या बायाही तिला दारूवाली म्हणायला लागल्या. काकू तर समोरून आली की भिंतीकडे तोंड करायची. काका सुटून आला होता. वर्षाच्या आत आम्ही गाव सोडलं आणि ऊस तोडायला इकडे आलो. झाडं काकाकडे राहिली. माझी शाळा चौथीवरच सुटली. मायनं त्यानंतर एक जांभूळ तोंडात घातलं नाही. डोळे मिटायच्या आधी मला तिनं एकच गोष्ट बजावली: "त्या घराच्या हाताशेजारी आपला हात ठिवू नको." सोनंनाणं वाटून द्यायला नव्हतंच. हे दिलं.

तर असा तो चुलतभाऊ, त्या काकूचा लेक, चैत्रात माझ्यापुढे खुर्चीवर बसला होता.

"आक्का," तो म्हणाला, "मायनं जायच्या आधी मला समदं सांगितलं. बाबाला सोडवायला जागा तिनंच दाखवल्ती. अन् झाकणावरचा हात बी तिचाच व्हता."

"म्हाइत हाय मला."

"तुमाला म्हाइत हाय. लोकायला कुठं म्हाइत हाय?"

हे वाक्य मी साठ वर्षांत मनात कितीदा बोलले असेन, ते आज त्याच्या तोंडून ऐकत होते.

"ज्येष्ठात रांजण पुरायचा कार्यक्रम ठेवलाय," तो म्हणाला. "पावणे येतेत, पेपरवाले येतेत. तुमी या. मी समद्यांपुढं सांगतो की दुसरा हात आमच्या मायचा व्हता, तिनं नाकबूल केला, अन् मोठीमाय एकटीच बदनाम झाली."

मोठीमाय म्हणजे माझी माय. तो तिला तसंच म्हणायचा, लहानपणी तिच्या मांडीवर बसून खायचा.

"आताच कामून सुचलं तुला?" मी विचारलं.

"वय झालं, आक्का. छातीवर वझं घेऊन फिरून राह्यलो."

आणि रडला. सत्तरीला टेकलेला माणूस, रुमाल काढून रडला. "रडू नको, चहा पी," मी म्हणाले. पण माझा विश्वास बसला. मला कोणी फसवू शकत नाही असं मी आयुष्यभर सांगत आले. भाजीवाला वजनात मारत असेल तर मला तागडी उचलायच्या आधी कळतं. पण भुकेल्या माणसाला भाकरीचा वास आला की पीठ कशाचं आहे ते तो बघत नाही.

रांजणावर मला हात ठेवायचा आहे, हे तो त्या दिवशी बोलला नाही.

ज्येष्ठात मी आणि सून निघालो. सुनेनं मला त्यानं आणलेली जांभळी साडी नेसायला लावली. घनसावंगीहून एसटीनं जालना, जालन्याहून जीपनं राजूर. राजूरला सून म्हणाली, "आत्याबाई, गणपतीचं दर्शन घेऊन घेऊ. तुमी न्हाई येत?"

"जा तू. चपला ठिव माझ्याजवळ."

"एवढ्या दूर आलो, अन् देवाच्या दारात बसून राह्यता?"

"माझं काम देवाजवळ न्हाई. ज्याच्याजवळ हाय तो पुढं बसलाय."

ती हसत आत गेली. मी पायरीवर चपलांची राखण करत बसले. मनात त्याचं भाषण पाठ करत होते, जणू मलाच करायचं होतं. राजूरला त्यानं गाडी पाठवली होती.

वेशीवर रंगीत दिवे लावले होते. वर चढताना माझे गुडघे बोलायला लागले. बारवेला लोखंडी जाळी बसवलीय, तिच्याजवळ उभं राहून पोरी फोटो काढत होत्या. ज्या काठावर मायची घागर एकटी राहायची त्या काठावर आता कुंड्या आहेत. मी तिथे थांबले नाही. थांबून काय करायचं.

आमचं घर आणि काकाचं घर आता एक झालंय. मधली भिंत काढून मोठं आवार केलंय, बाजा टाकल्यात, वर पाचटाचं छप्पर. दारात पाटी: "दोन जावांचा रांजण". खाली लहान अक्षरात लिहिलेलं: "पूर्वी या घरात दोन जावा राहत होत्या. त्यांच्या प्रेमातून ही वाईन जन्मली." मी चौथीच शिकले, पण पाटी वाचता येते. मनात म्हटलं, रंगाऱ्यानं लिहिलं असेल. आज हा बोलला की पाटी बदलावी लागेल.

आत भिंतीवर सरकारी परवाना होता. काचेच्या चौकटीत, वर झेंडूचा हार. ज्या कामासाठी मायला कोठडीत बसवलं त्या कामाला आता हार.

भावजय पुढे आली, पाया पडली. "वन्सं, किती वाळलात हो! बसा, आधी जेवून घ्या."

मातीच्या ताटल्यांत वाढलं. आमच्या घरात त्या काळी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या थाळ्या होत्या, मातीत फक्त कुत्र्याला द्यायचे. येसर पातळ होतं आणि मेथी पुढे पुढे करत होती. भाकरी मात्र चांगली. भावजयीचा हात भाकरीला चांगला आहे, ते मी नाकारत नाही.

शेजारच्या बाजेवर शहरातली एक बाई होती, डोळ्यांना काळा चष्मा. मला म्हणाली, "आजी, तुम्ही लहानपणी हे असं रोज जेवायचात?"

"न्हाई. रोज ठेचा-भाकर. येसर लग्नात."

"अय्या, किती छान!"

"काय छान?"

ती गोंधळली. सुनेनं मला कोपर मारलं.

मग भावजयीनं काचेच्या पेल्यात जांभळी आणून ठेवली. मी कधी प्यायले नव्हते. माझी मायही करायची, पण चव बघण्यापुरतीच बोटावर घ्यायची. मी एक घोट घेतला. थोडी तुरट, मागून गोड, आणि शेवटी जिभेवर धायटीची किंचित कडू खरखर. लहानपणी तिच्या बोटावरची चाटली होती, तीच. काही बदललेलं नव्हतं. येसर बिघडवलं तशी ही बिघडवली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपार कलल्यावर सगळ्यांना मागे नेलं. गोठ्यामागचा तो कोपरा. आता तिथे सिमेंटचं गोल कडं आहे, चुन्यानं रंगवलेलं, आत चाळलेलं खत. घाण म्हणून काही नाही. मधे रांजण, तोंडावर ओला चिखल. शे-दीडशे माणूस गोल करून उभं, सगळ्यांचे मोबाइल वर. एका कडेला हलगीवाला.

भावजयीनं पदर खोचला आणि उजवा हात चिखलावर दाबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुलतभावाच्या हातात माईक होता. तो म्हणाला, "आता आमची आक्का. या, आक्का."

मी जागची हलले नाही. तो माईक खाली धरून जवळ आला.

"आधी बोल," मी म्हणाले.

"बोलतो ना, आक्का. चिखल वाळून राह्यला. पहिले हात, मंग बोलतो."

"ह्या घराच्या हाताशेजारी हात ठिवू नको, असं सांगून गेली ती."

"मंग तेच तर मिटवायचं हाय. दोन हात दिसले की लोक इचारतेत, पहिले दोन कोणाचे व्हते. तवा सांगतो. तुमच्या म्होरं सांगतो. बिलकुल."

"देवाशप्पत?"

"मायशप्पत," तो म्हणाला.

कोणाच्या मायची, ते मी विचारायला हवं होतं. लोक बघत होते. सुनेनं पाठीला हात लावला, "आत्याबाई, थांबलेत समदे." मी पुढे गेले आणि हात ठेवला. कोणी जबरदस्ती केली नाही. माझा हात मीच ठेवला, भावजयीच्या हाताशेजारी, उजवा. चिखल गार होता. बोटं दाबली तेव्हा सांधे दुखले.

मग तो बोलायला लागला. आवाज चांगला आहे त्याचा.

"मंडळी, साठ वर्षांमागं माझी माय अन् माझी मोठीमाय, ह्या दोघी जावांनी ह्याच जागी हात ठेवले. सरकारी तरास झाला. शिपाई आले, रांजण फोडला. जमादारानं इचारलं, दुसरा हात कोणाचा? मोठीमाय म्हणली, दोन्ही माझेच! सगळं स्वतःवर घेतलं, पण जावेचं नाव सांगितलं न्हाई. अशी माया आता कुठं बघायला भेटती? त्या हातांत कधी अंतर पडलं न्हाई. अन् आज तिची लेक साक्षीला आली. तिनं स्वतः हात ठिवला. तुमी डोळ्यांनी बघितलं!"

त्यात खोटं किती होतं? एक वाक्य सोडलं तर फार नव्हतं. बाकी सगळं घडलंच होतं. त्यानं फक्त मधलं काढून टाकलं होतं. त्याच्या मायनं जागा दाखवली ते काढलं, "माझा हात न्हाई" म्हणाली ते काढलं, बारवेवरची एकटी घागर काढली. आणि काढलेल्या जागी माझा हात बसवला. माझ्या मायनं झाकून घेतलं होतं ते तिनं नाइलाजानं झाकलं. ते हा माया म्हणून वाटत होता, ताटलीत भाकरी वाढावी तसं.

लोक टाळ्या वाजवत होते. काळ्या चष्म्याच्या बाईनं चष्मा वर करून डोळे पुसले.

मी म्हणाले, "अन् तुझी माय काय म्हणली ते?"

तो माझ्याकडे बघून हसला. माईक दुसरीकडे फिरवला.

मी मोठ्यानं म्हणाले, "माझा हात न्हाई, असं म्हणली ती! पायऱ्यांवर उभं राहून म्हणली! सांग की!"

"आजी भावुक झाल्या," कोणीतरी म्हणालं.

त्यानं हलगीवाल्याला खूण केली. हलगी सुरू झाली की डोंगरसुद्धा ऐकतो, म्हातारीचा आवाज काय टिकणार. मी रांजणाकडे वळले. ठसा पुसायचा होता. ओल्या चिखलावरून तळवा फिरवायचा, एवढंच काम. पण तोवर दोन गड्यांनी झाकणावर परात पालथी घातली होती आणि फावड्यानं खत ओढत होते.

निघायच्या आधी मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. भावजय भाकऱ्या मोजून टोपलीत टाकत होती, मान वर केली नाही.

"आक्का, समजून घ्या," तो म्हणाला. "पावणे जेवाया येतेत, भांडणं ऐकाया न्हाई. असलं सांगितलं तर कोण येईल हितं? आपल्या आपल्यात मी कबूल हाय ना!"

"आपल्या आपल्यात मला पहिलंच म्हाइत व्हतं."

"मोठीमायचं कौतुकच केलं की मी. समदे रडले."

"तुझी माय घाबरल्ती," मी म्हणाले. "तिचा नवरा धरल्ता. तिला मी एखाद्या वेळी माफ करंन. तुला कोणी धरल्तं?"

भावजय म्हणाली, "वन्सं, धपाटे बांधून देऊ का वाटेला?" मी म्हणाले, नको.

गाडीत राजूर आलं तसं सून म्हणाली, "आत्याबाई, मीच ढकललं तुमाला."

"तू ढकललं न्हाई. मी गेले."

ते खरं आहे. त्यानं मला फसवलं हे जेवढं खरं, तेवढंच हेही. मायनं एकच गोष्ट मागितली होती. ती मोडायला मी एसटी धरून, जीप करून, नवी साडी नेसून गेले.

आषाढ सरायच्या आधी त्याचा फोन आला. "आक्का, रांजण काढायचाय. तुमच्या हाताबिगर कसा काढावा? गाडी पाठवतो."

"आधी लोकांपुढं सांग, दुसरा हात कोणाचा व्हता. मंग येते."

"तुमी पुन्हा तेच घेऊन बसता."

"तेच हाय माझ्याकडं."

त्यानंतर दोनदा फोन आला, दोनदा मी हेच बोलले. आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मला वाटलं, आता हा अडकला. रीत त्याच्या घरातलीही आहे. त्याच्या मायनं बाकी सगळं मोडलं, पण एकटीनं रांजण कधी उघडला नव्हता. आम्ही गेल्यावर तिनं जांभळी करणंच सोडलं, शेजारी ठेवायला हात नव्हता म्हणून. जांभळी पुन्हा सुरू केली ती ह्यानं, काकू गेल्यावर. त्यालाही थोडी भीती असेल. मी रोज दिनदर्शिकेकडे बघायचे. सव्वा महिना झाला, दीड झाला. रांजण खतात बसलाय आणि माझ्या हाताची वाट बघतोय, असं मनात धरून मी भाजी निवडायचे. म्हातारपणी माणूस येडं होतं ते असं.

एक दिवस सुनेनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "आत्याबाई, बघायचं का? पुन्हा रागावसाल."

तेच आवार, तीच माणसं, निदान तसलीच. रांजण बाहेर काढलेला, झाकणावर दोन हात वाळून दगड झालेले. चुलतभाऊ माईकवर म्हणाला, "मोठीमायची लेक!" आणि पुढे एक बाई आली. माझ्याच वयाची, हिरवी नऊवारी, कपाळभर कुंकू, नाकात नथ. मी तिला ओळखत नाही. कुठून आणली कोण जाणे. बोलत बरी होती, मायबद्दल दोन शब्द बोलली, माझ्या मायबद्दल. मग हात ठेवायची वेळ आली. उजव्या हातात माईक होता, म्हणून तिनं डावा ठेवला. माझ्या उजव्या ठशात तिचा डावा हात. अंगठा भलत्याच बाजूला गेला, करंगळी चिखलावर आडवी पडली. भावजय शेजारी उभी होती, तिनं खाली बघितलं आणि पुन्हा वर बघितलं. टाळ्या झाल्या. चिखल फोडला.

"कोणाच्या ध्यानात बी आलं न्हाई," सून म्हणाली.

"ध्यानात येतं," मी म्हणाले. "बोलत न्हाईत."

माय म्हणायची, भलत्या हातानं उघडला तर रांजण आंबट निघतो. मला ते खरं वाटत नाही. हात कोणाचा ते दारूला काय कळतं? ती गोडच निघाली असणार, आणि लोक पेले भरभरून प्यायले असणार.

जांभळ्या साडीचं मी पोतेरं केलं. सून म्हणाली, "अहो, नवी हाय." पण तेही जमलं नाही. ते कापड पाणीच पीत नाही, फरशीवर नुसतं इकडून तिकडे पसरवतं. शेवटी बाहेर तुळशीच्या कुंडीखाली घातलं.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, जसं काही झालंच नव्हतं.

"आक्का, औंदा लई गोड निघाली. एक बाटली पाठवून देऊ का तुमाला?"

"पाठव," मी म्हणाले. "पण वर लिहून पाठव. दुसरा हात कोणाचा व्हता, एवढंच लिही."

तो हसला. "आक्का, तुमी बी ना," म्हणाला आणि फोन ठेवला.

बाटली आली नाही.